मोजकंच खाणाऱ्या मुलाचा शाळेचा डबा: काय आणि कसं भरावं?

म्हापशेकर
मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. डबा सकाळी सातला भरावा लागतो, मधली सुट्टी सव्वादहाला, वीस मिनिटांची. शाळेत सुका डबाच चालतो. चिप्स, मॅगी नाही. तो खातो एवढंच: तूप-साखरेची चपाती, साधा डोसा, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, काकडी, केळं. घरी गरम डोसे दोन-तीन खातो, पण डब्यातला तसाच परत येतो. कशालाही भाजी लागलेली दिसली की डब्याला हात लावत नाही. रोज चपातीच देत राहू का? आणि भाजीकडे कसं न्यायचं?

रांदपी_फोंडा
डोसा परत येतो तो चवीमुळे नव्हे. तव्यावरचा डोसा आणि तीन तासांनी डब्यातला डोसा हे त्याच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत. थंड होताना तांदळातला स्टार्च घट्ट होतो आणि डोसा चामट लागतो. त्यात गरम असतानाच झाकण लावलं तर वाफेचं पाणी होऊन खालचा डोसा चिकट होतो. म्हणजे वरचा चामट, खालचा ओला.

डब्यासाठी सुरनोळी (जाड, मऊ, गोडसर डोसा) करून बघा, ती थंड झाली तरी मऊ राहते. 2 वाट्या तांदूळ, अर्धी वाटी पोहे, 1 चमचा मेथी हे दीड वाटी ताकात 4-5 तास भिजवायचं. अर्धी वाटी खवलेला नारळ घालून गुळगुळीत वाटायचं आणि रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी मीठ आणि 2 मोठे चमचे किसलेला गूळ. पीठ इडलीच्या पिठासारखं दाट हवं. मंद आच, वर झाकण, उलटायची नाही. पोहे आणि गूळ ओलावा धरून ठेवतात. एरवी घालतात ती हळद पहिल्यांदा घालू नका, रंग बदलला की तो ओळखेल. मे महिन्यात इथल्या उकाड्यात पीठ सहा तासांतच आंबतं. जास्त आंबट झालं तर तो नको म्हणेल, म्हणून फसफसलं की फ्रीजमध्ये ठेवा.

काहीही भरायचं असो, आधी जाळीवर दहा मिनिटं निववायचं, मग झाकण. चपातीला कणकेत पाणी आणि दूध निम्मं निम्मं, वाटीभर कणकेला 1 चमचा तेल, 20 मिनिटं मुरवणं. तवा चांगला तापलेला हवा. मंद आचेवर चपाती सुकते आणि पापडासारखी होते. गुंडाळायला सुती रुमाल. फॉइलमध्ये वाफ अडकते.

दिवचलची_सुगरण
मला वाटतं भाजी पिठातच घालावी. लाल भोपळा वाफवून कुस्करायचा, चवीपुरता गूळ त्यात विरघळवायचा, मग त्यात मावेल तेवढीच कणीक, पाणी अजिबात नाही. पुऱ्या करायच्या. थंड झाल्या तरी मऊ राहतात आणि दिसायला पिवळ्या पुऱ्या, भाजी कुठेच नाही.

बालवाडी_मडगाव
भोपळ्याच्या पुऱ्या उत्तमच, पण ताई, त्या "भोपळ्याच्या पुऱ्या" म्हणूनच द्या. त्याच्या नेहमीच्या चपातीत लपवून काही घालू नका. अशा मुलाला फसवणूक कळली तर चपातीवरचाही विश्वास जातो, आणि पाचातले चारच पदार्थ उरतात. हे मी फार आग्रहाने सांगते आहे.

डबा ही नवीन चव शिकवायची जागा नव्हे. वीस मिनिटांत हात धुणं, झाकण उघडणं, गप्पा, सगळं येतं. डब्यात तो नक्की खातो तेच, आणि नवीन पदार्थ संध्याकाळी घरी, चिमूटभर, त्याच्या आवडीच्या पदार्थाशेजारी वेगळ्या वाटीत. खाल्लंच पाहिजे असं नाही; हात लावला, वास घेतला तरी चालेल. एखादा पदार्थ स्वीकारायला मुलांना आठ-दहा, कधी पंधरा वेळा तो समोर यावा लागतो. आपण दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच सोडून देतो.

बदल एका वेळी एकच. तूप-साखरेऐवजी तूप-गूळ. चार-पाच डबे रिकामे आले की गुळात चमचाभर भाजलेल्या तिळाचं कूट. मग तीच चपाती गुंडाळीऐवजी त्रिकोणी घडीत. मग पोदेराकडची (पाववाल्याकडची) पोळी, म्हणजे चपाती नव्हे, गोव्याचा कोंड्याचा पोकळ पाव, चौथा भाग, आत तूप-गूळ. तिला आत खिसा असतो. पुढे कधीतरी त्यात बटाट्याची सुकी भाजी बसते, बाहेरून दिसत नाही पण त्याला माहीत असते. सकाळची ताजी पोळीच डब्याला घ्या. आदल्या संध्याकाळची वातड होते. घ्यावीच लागली तर पाण्याचा हात लावून तव्यावर गरम करा.

सकाळी दूध किती देता? साडेसहाला मोठा पेला घेतला तर सव्वादहाला भूक नसतेच. दिवसभरात अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध जात असेल तर इतर खाणं मागे पडतं, लोहही कमी पडू शकतं. निम्मा पेला करून आठवडाभर बघा.

म्हापशेकर
दूध मोठा पेलाच असतो, कमी करते. काकडी आणि अंडं डब्यात द्यावं का? अंड्याला वास येतो म्हणतो.

रांदपी_फोंडा
अंडं घरी, न्याहारीला. सातला भरलेलं सव्वादहाला उघडणार, म्हणजे तीन तासांच्या वर. इथल्या उष्म्यात सोललेलं अंडं, दही, पनीर दोन तासांपलीकडे बाहेर नको. ओल्या खोबऱ्याची चटणीही नको. सुरनोळीतला नारळ शिजतो, तो चालतो. वास जास्त उकडल्याने येतो, बलकाभोवती हिरवट कडं दिसतं ते त्याचंच लक्षण. उकळत्या पाण्यात 10 मिनिटं, लगेच गार पाण्यात.

काकडीच्या चकत्या नकोत. बिया काढून बोटाएवढे लांब तुकडे, कोरडे पुसून, वेगळ्या लहान डबीत. मीठ लावलं की पाणी सुटतं आणि चपाती भिजते. केळं सालदाटी (गोव्यातली जाड सालीची जात), सालीसकट. जाड सालीचं दप्तरात लवकर काळं पडत नाही. देठाशी सुरीने किंचित चीर द्या, त्याला सोलता येईल.

बालवाडी_मडगाव
डब्याचं झाकण त्याला एकट्याला उघडता येतं का, हे सुट्टीच्या दिवशी घरी बघा. पुष्कळ डबे याच एका कारणाने भरलेले परत येतात. आणि परत आलेला डबा बघून ओरडू नका. काय उरलं, किती उरलं ते कॅलेंडरवर लिहा. दोन आठवड्यांत चित्र दिसतं. प्रमाण कमीच ठेवा: एक चपाती, तीन-चार काकडीचे तुकडे, एक लहान केळं पुरतं.

वजन काही महिने वाढलेलं नसेल, घास घशात अडकल्यासारखं करत असेल किंवा आधी खात होता ते पदार्थही एकेक करून सुटत असतील तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बद्धकोष्ठता असेल तर तीही सांगा, तिनेही भूक मरते.