मदत हवी आहे: सोमालियाजवळचं थंड पाणी समुद्रात एवढं लांब आत कसं जातं?

नमस्कार मंडळी, नववीच्या मुलांना मान्सून शिकवताना एका ठिकाणी अडकलोय. जून ते सप्टेंबर नैऋत्य वारे सोमालियाच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि खालून थंड, नायट्रेट-फॉस्फेटसारख्या पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. इथवर ठीक.

पण उपग्रहाच्या तापमान-नकाशात किनाऱ्यालगत सरळ पट्टा दिसत नाही. रास हाफून या सोमालियाच्या भूशिराजवळून थंड पाण्याची जीभच शेकडो किलोमीटर समुद्रात आत घुसलेली दिसते. तिथे 'ग्रेट व्हर्ल' नावाचा अवाढव्य भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि त्याची उत्तरेकडची कड हे पाणी ओढून नेते, एवढं वाचलंय. (नकाशा बघून मुलं म्हणाली, "सर, मिसळणाचा डबा सांडलाय!")

आता प्रश्न. वाऱ्याने ढकललेलं पाणी किती आणि भोवऱ्याने ओढलेलं किती, हे वेगळं कसं काढतात? आणि थंड पाणी जड असतं, मग ते वाटेतच कोमट पाण्याखाली बुडलं तर त्यातली पोषकद्रव्यं उजेडातल्या वनस्पतिप्लवकांना (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना) मिळतात का? परातीत पाणी घेऊन दाखवता येईल असा प्रयोग कुणी केला असेल तर तोही सांगा.