एलएनजी जहाजावर पहिली संधी कशी मिळते? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी वास्कोचा. धाकटा भाऊ ऑइल टँकरवर थर्ड इंजिनिअर आहे, आता एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू नेणाऱ्या जहाजावर, जायचं म्हणतो. गॅस टँकरचा बेसिक कोर्स झालाय. अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेटला मात्र गॅस टँकरवरची तीन महिन्यांची सेवा लागते; नाहीतर जादा माणूस म्हणून निदान एक महिना, त्यात तीन लोडिंग, तीन अनलोडिंग. आणि कंपन्या म्हणतात, आधी अनुभव आणा! उणे १६२ अंशांचा माल नवख्याच्या हाती कोण देईल, तेही पटतं म्हणा.

घरात सगळे तारवटी (जहाजावर काम करणारे), पण कोणी क्रूझवर, कोणी बल्कवर, म्हणजे सुट्या मालाच्या जहाजावर. एलपीजीवरून एलएनजीवर गेलेलं कोणी आहे का इथे? ती सेवा एलएनजीवाले धरतात का? एक एजंट पैसे मागतोय, त्याला आम्ही सरळ नाही म्हटलंय.