अनुभव धागा: फुप्फुसातली गाठ ‘निरीक्षणाखाली’ असताना

धागाकर्ती: रिपोर्टमध्ये ‘नोड्यूल’, म्हणजे छोटी गाठ, असं लिहिलेलं असतं आणि डॉक्टर सांगतात, सहा महिन्यांनी पुन्हा सीटी. हे सहा महिने काढायचे कसे? जाणकारांनी नेमकं लिहावं.

छातीविकारतज्ज्ञ: थांबणं हीसुद्धा तपासणीच आहे. एवढ्याशा गाठीत सुई नेमकी पोचवणं अवघड, आणि ८ मिमीच्या खाली पेट स्कॅनवर (यात जास्त क्रियाशील पेशी चमकतात) विसंबता येत नाही. मग उरतं ती वाढते का ते बघणं. फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या रेडिऑलॉजीतल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७च्या सूचनांनुसार एकच भरीव गाठ ६ ते ८ मिमी असेल तर ६ ते १२ महिन्यांनी सीटी. ८ च्या वर गेली की ३ महिन्यांनी सीटी, पेट किंवा बायोप्सीचा विचार. धुरकट काचेसारखी दिसणारी, म्हणजे ग्राउंड ग्लास गाठ ६ मिमी किंवा मोठी असेल तर ५ वर्षं लक्ष ठेवतात. ती वाढलीच तर फार सावकाश वाढते. आधी कॅन्सर झालेल्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना हे वेळापत्रक लागू नाही.

सीटी तंत्रज्ञ: पहिल्या स्कॅनची सीडी जिवापाड जपा, तिची प्रतही काढून ठेवा. नुसत्या फिल्मवरून तुलना नीट होत नाही. शक्यतो त्याच सेंटरला जा. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा: गाठीच्या फॉलोअपसाठी, कमी डोसचा, १ ते १.५ मिमी जाडीच्या कापांचा स्कॅन हवा. फक्त गाठ मोजायची असेल तर शिरेतून औषध सहसा लागत नाही. श्वास पूर्ण भरून रोखा. अर्धवट भरला तर माप बदलतं. नुकताच ताप-खोकला होऊन गेला असेल तर तेही सांगा.

रेडिऑलॉजिस्ट: वर मापाचा विषय निघाला म्हणून. ८ चे ९ झाले एवढ्यावरून हादरू नका, २ मिमीपेक्षा कमी फरक मोजण्यातलाही असू शकतो. मात्र खरोखर ८ चे १० झाले असतील, तर आकारमान जवळजवळ दुप्पट झालेलं असतं.

पुन्हा छातीविकारतज्ज्ञ: आपल्याकडे टीबीचे जुने व्रण पुष्कळ, तेही गाठीसारखे दिसू शकतात, आणि पेट स्कॅनमध्ये कॅन्सरसारखा टीबीही चमकतो. पण थुंकी न तपासता ‘टीबीची औषधं देऊन बघू’ हे मला पटत नाही. गाठ कॅन्सरची असेल तर त्यात मोलाचे महिने जातात. थुंकीची सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी, तपासणी होणार का, हे स्पष्ट विचारा.

समुपदेशक: स्कॅन आणि डॉक्टरांची भेट एकाच आठवड्यात ठरवा. रिपोर्ट आधी मोबाइलवर येतो, तो कोण उघडणार हे घरात आधीच बोलून ठेवा. नातेवाइकांना कळवायचं काम एकाच माणसाकडे द्या, नाहीतर दर फोनला तेच सांगून रुग्ण थकतो. काळजीला रोज १५ मिनिटं ठरवून द्या, वही घेऊन बसा. एरवी मनात आलेला प्रश्न तेवढा टिपून पुढे चला.

छातीविकारतज्ज्ञ: एक राहिलं. थुंकीतून रक्त, तीन आठवडे बसलेला आवाज, कारण नसताना घटणारं वजन: यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच फोन करा.