बालपणीचं कुणी गेलं, त्यांचं आपल्याकडे काय राहिलं?

३० सप्टेंबर जवळ आला की मला झोप लागत नाही. या वर्षी म्हटलं, मनात घोळवत बसण्यापेक्षा लिहावं, आणि तुम्हालाही लिहायला सांगावं. लहानपणीचा जिवलग मित्र किंवा मैत्रीण, जी आता या जगात नाही. त्यांचं काही तुमच्याकडे राहिलं असेल, एखादी वस्तू, एखादा शब्द, तेही सांगा. मोठं होतंय, नीट लिहिता येत नाही, असलं काही मनात आणू नका. सुरुवात मी करतो.

किल्लारी, आता लातूर

आम्ही सातवीत होतो. त्याचं घर गावात नावाजलेलं. दोन हात रुंद दगडी भिंती, वर माळवद. आमचं घर गावकुसाला, पत्र्याचं. उन्हाळ्यात आमच्याकडे भाजून निघायचं, म्हणून दुपारभर मी त्याच्याच घरी पडलेला असायचो. मृगाच्या आधी त्यांच्या माळवदावर नवी पांढरी माती पडायची आणि ती तुडवायला आम्हा दोघांना वर चढवायचे. एकमेकांचे खांदे धरून, पाय आपटत, गाणी म्हणत तुडवायचो. दर वर्षी जुन्या थरावर नवा थर. तळपायाला लागणारा तो गारवा मला अजून जसाच्या तसा आठवतो.

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून आम्ही मध्यरात्रीनंतर परतलो, दोघंही गुलालानं माखलेले. तो म्हणाला, "मी इथंच झोपतो." माझी आई म्हणाली, "जा रे लेकरा घरी, तुझी माय वाट बघत बसली असंल." तो गेला. हातातल्या झांजा माझ्याकडे दिल्या, सकाळी घेतो म्हणाला.

पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना जमीन हलली. आमचे पत्रे खडखडले, एक भिंत कलली, आम्ही सगळे बाहेर पडलो. त्यांच्या वाड्याच्या जागी ढिगारा होता. मातीत रचलेल्या दगडी भिंती, आणि त्यांच्यावर कित्येक पावसाळ्यांच्या मातीचा भार. त्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यातली कितीतरी अशाच भक्कम म्हणवणाऱ्या घरांत. पत्र्याच्या आणि कुडाच्या घरांतली आम्ही वाचलो. नंतर पाऊस लागला. वाळलेलं लाकूड मिळेना. त्याच्याच घराच्या तुळयांवर त्याला अग्नी दिला.

ती माती मीही तुडवली होती. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. आईनं त्यानंतर कुणाच्याही पोराला रात्री आमच्या दारातून परत पाठवलं नाही. झांजा माझ्याकडे आहेत. दोऱ्यांच्या गाठीत अजून गुलाल आहे.

महाड तालुका

दादा, तुमचं वाचल्यावर बराच वेळ काही सुचेना. माझी मैत्रीण दहा वर्षांची होती, मी नऊची. १९७१ चा मे महिना. पावसाआधी घरावरची कौलं परतत होते आणि खाली उतरवलेली कौलं ती रचत होती. लाल विंचू चावला. दिवेलागणीला ती घामानं निथळत होती, हात गार पडलेले. तो हात मी धरून होते. भगत आला, अंगारा लावला. पहाटे तोंडाला फेस आला आणि संपलं.

तेव्हा या विंचवावर डॉक्टरांकडेही नेमका उपाय नव्हता. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले आणि पुढच्या काळात प्राझोसीन ही रक्तदाबाची गोळी देऊन त्यांनी असे रुग्ण वाचवले. १९९० मध्ये माझ्या धाकट्याला विंचू चावला. तो त्याच गोळीनं बरा होऊन घरी आला. त्या रात्री मी तिच्यासाठी रडले, एकोणीस वर्षांनी.

ती मला 'बायो' म्हणायची. दुसऱ्या कुणाला मी तसं म्हणू दिलं नाही.

लालबाग, आता डोंबिवली

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांत त्याचे वडील होते, माझेही. काही महिने उधारीवर काढले, मग त्यांनी खोली सोडून साताऱ्याकडचं गाव गाठलं. चाळीतल्या आम्ही अकरा पोरांनी वर्गणी काढून बॅट घेतली होती. निघताना त्यानं ती माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव रे, संप मिटला की येतो."

तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. मित्र एप्रिल २०२१ मध्ये करोनानं गेला, मला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. एसटीनं एका दिवसात पोचता येईल एवढंच अंतर. एकोणचाळीस वर्षांत मी एकदाही गेलो नाही. याचं मला फार, फार वाईट वाटतं.

बॅट आहे. मुठीची सुतळी त्यानं गुंडाळलेली आहे, ती मी बदललेली नाही.

वर्धा

माझ्याकडे वस्तू नाही, तिची आई आहे. ती अठराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेली, तेव्हापासून दर दिवाळीत मी काकूंकडे जाते. गेल्या वेळी न्हाऊन बसले होते, तर फणी घेऊन मागे येऊन बसल्या. थोडं विंचरलं आणि केसांची बट हातात धरून बघत राहिल्या. म्हणाल्या, "तिचेही पिकले असते गं आता." मग पुन्हा विंचरायला लागल्या. वेणी फार घट्ट घालतात, तिची घालायच्या तशीच.