द्राक्षमळ्याची मजुरी कपाशीच्या वावरात?

वावरवाला: काल मळेकरी साहेबांनी इथं लिहिलं, 'बायबलातला मत्तय २० वाचा, द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला. पहाटेपासून राबलेल्याला एक दीनार, पाचला आलेल्यालाही एकच. ही ख्रिस्ती नीती. किलोवर वेचणी देणं अनीतीचं.' मीही ख्रिस्ती, अन् घाटंजीकडं माझी कपाशी आहे. एक बाई दिवसभरात चाळीस किलो वेचते, दुसरी बांधावर मोबाइल पाहते. दोघींना सारखं दिलं तर उद्या पहिली शेजारच्या वावरात दिसेल. तो दाखला स्वर्गाच्या राज्याचा आहे, मजुरीचा दर ठरवायला सांगितलेला नाही.

तागडीबाई: मग बायबलातल्या 'अनुवाद' पुस्तकाचा २४वा अध्याय पण स्वर्गातच लागू का? मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची, असं लिहिलंय. आमच्याकडं पैसे बाजाराच्या दिवशी. वरून कापूस बांधायच्या फडक्याच्या वजनाच्या नावानं गाठोड्यामागं किलोभर कापतात. माझ्या आईनं जन्मभर ती कापणी सोसली.

वावरवाला: बाजाराच्या दिवशी बायाच मागतात, रोज दिले तर घरी पुरत नाहीत म्हणून. अन् फडक्याचे मी पावशेरच धरतो.

भाऊराव_वणी: तुमी नीतीच्या गोष्टी सांगता, अन् सीतादहीले, पयल्या वेचणीच्या पूजेले, आमच्या वावरात तुमच्यातल्या बाईनं दहीभात खाल्ला नाई. माय दिवसभर रुसून होती. कोनाचं मन मोडनं कोन्त्या अध्यायात हाय?

तागडीबाई: १ करिंथ १०, पौलाचं पत्र. वाढलेलं न विचारता खा. पण नैवेद्याचं आहे असं कोणी सांगितलं, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. तुमच्या मायनं सांगितलंच असेल.

वावरवाला: मी दरवर्षी खातो. मूर्ती म्हणजे काहीच नाही, हे पौलानंच आठव्या अध्यायात म्हटलंय.

तागडीबाई: अन् त्याच अध्यायाच्या शेवटी, भावाला अडखळण होत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही, असंही. सोयीपुरतं वाचता तुम्ही.

भाऊराव_वणी: म्हंजे खाल्लं तरी पौल, नाई खाल्लं तरी पौल! बेस हाय बाप्पा. बाकी कापूस तिचाच साफ होता, पत्ती नाई, किडकी कवडी नाई. हे मायबी कबूल करते, पर रुसवा काई जात नाई.

मळेकरी: दहीभात झाला असेल तर बोलू? पाचला आलेले आळशी नव्हते. 'आम्हाला कोणी कामाला लावलं नाही,' हे त्यांचं उत्तर सगळे गाळतात. शेवटच्या वेच्याला, म्हणजे वेचणीच्या शेवटच्या फेरीला, झाडावर बोंडंच नसतात, तेव्हा किलोवर म्हातारीच्या हाती काय पडतं?

वावरवाला: शेवटच्या वेच्याला मी रोजानंच देतो, नाहीतर कोणी वावरात पाय ठेवत नाही. ते मत्तयासाठी नाही, पण तुम्हाला जिंकायचंच असेल तर जिंका. आता कापसाचा भावही मत्तयालाच विचारून घ्या.