सरोवरकाठची दीपगृहे : आपले अनुभव

मुलांकडे किंवा कामानिमित्त अमेरिकेत जाणारे आपण मुंबईकर मोठी शहरे पाहून परततो. तेथील महासरोवरांच्या काठची जुनी दीपगृहे मात्र राहून जातात. ज्यांनी ती पाहिली आहेत, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

पार्ल्याहून

लेकीकडे शिकागोला गेले असताना जावयांनी मला एव्हॅन्स्टनचे ग्रोस पॉइंट दीपगृह दाखवले. १८६० साली ‘लेडी एल्गिन’ ही आगबोट मिशिगन सरोवरात याच परिसरात एका गलबताशी टक्कर होऊन बुडाली आणि सुमारे ३०० माणसे गेली. पुढे नागरिकांनी मागणी लावून धरली, तेव्हा १८७३ मध्ये हे दीपगृह उभे राहिले. आमचे माहेर रेवसकडचे असल्याने १९४७ मध्ये मुंबईहून रेवसला येताना बुडालेल्या ‘रामदास’ बोटीच्या कथा ऐकतच मी वाढले, त्यामुळे ती हकिगत ऐकताना मला भडभडून आले.

माहीमहून

मिनेसोटात नोकरीला असताना मी सुपीरियर सरोवरावरचे स्प्लिट रॉक दीपगृह पाहिले आणि माझ्या मते त्याला तोड नाही. नोव्हेंबर १९०५ च्या वादळात तेथे अनेक जहाजांची वाताहत झाली, म्हणून ते बांधायचे ठरले; परंतु तेथवर रस्ताच नसल्यामुळे सारे सामान बोटीने आणून सुमारे ४० मीटर उंचीच्या कड्यावर यारीने चढवावे लागले आणि १९१० मध्ये दिवा लागला. पॅरिसमध्ये घडवलेले त्याचे अवजड भिंग पाऱ्यावर तरंगत असल्याने जुन्या लंबकाच्या घड्याळाप्रमाणे खाली उतरणाऱ्या वजनांच्या जोरावर ते सहज फिरे, आणि दर १० सेकंदांनी झोत दिसे. चहूकडे विखुरणारा उजेड वळवून एकाच दिशेला पाठवणाऱ्या त्या काचेच्या कड्या जवळून पाहताना मी बराच वेळ तेथून हललो नाही. १९६९ मध्ये हे दीपगृह बंद झाले. तरीही १० नोव्हेंबर १९७५ रोजी बुडालेल्या ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ या मालवाहू जहाजावरील २९ जणांची नावे दर वर्षी त्या दिवशी वाचली जातात, घंटा वाजवली जाते आणि दिवा पुन्हा लावला जातो. शक्य असेल त्यांनी त्याच दिवशी जावे.

दादरहून

ईरी सरोवरावरचे मार्बलहेड दीपगृह १८२२ पासून आजतागायत चालू आहे. पहिल्या रखवालदाराच्या निधनानंतर १८३२ मध्ये त्यांच्या पत्नी रेचल वॉलकॉट यांनी काम हाती घेतले, हे मला फार मोलाचे वाटले.

कुलाब्याहून

आमच्या प्रॉंग्ज दीपगृहाकडे, १८७५ पासून, ओहोटीला खडकांवरून चालत जाता येते; सरोवरांना जाणवण्याजोगी भरती-ओहोटी नाही, तेथे खरी अडचण हिवाळ्यातील बर्फाची. त्यामुळे मनोऱ्यावर चढण्याची सोय बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यापुरतीच असते, हे लक्षात घेऊन प्रवास आखावा. थळहून बोटीने खांदेरीला जाऊन, शिवाजी महाराजांनी बांधलेल्या त्या दुर्गावरचे १८६७ चे दीपगृह ज्यांनी पाहिले असेल, त्यांनीही येथे अवश्य लिहावे.