शब्दचर्चा: 'आत्महत्या केली'ला पर्याय काय? (पोलिसी मालिकेच्या उपशीर्षकांच्या निमित्ताने)

वरणभात

ब्रिटिश पोलिसी मालिकेची मराठी उपशीर्षकं (सबटायटल्स) करताना एक जागा हमखास अडते. इंग्रजीत हल्ली 'कमिटेड सुइसाइड' टाळून 'डाइड बाय सुइसाइड' म्हणतात. 'कमिट' हे गुन्ह्याला लागणारं क्रियापद, आणि इंग्लंडमध्ये १९६१चा कायदा येईपर्यंत आत्महत्या खरोखरच गुन्हा होती. मराठीत हा फरक दाखवायचा कसा? 'आत्महत्येने मृत्यू झाला' वाचलं की 'हिवतापाने मृत्यू झाला' असं काहीतरी वाटतं.

नमुन्यादाखल बीबीसीच्या 'लाइन ऑफ ड्यूटी'चं पहिलं पर्व (२०१२) घेऊ. त्यात टोनी गेट्स हा अधिकारी शेवटी स्वतःचा जीव देतो. नोंद 'कर्तव्यावर असताना मृत्यू' (इंग्रजीत 'इन द लाइन ऑफ ड्यूटी') अशी झाली तर कुटुंबाला लाभ मिळतील, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे मालिकेचं नावच त्या प्रसंगात कळीचं होऊन बसतं. हे सगळं मराठीत कोणत्या शब्दांत बसवायचं?

शब्दवेध

आधी एक गैरसमज दूर करू. मराठी 'करणे'ला गुन्ह्याचा वास नाही. आपण गुन्हा करतो तसा उपवास करतो, प्रवास करतो, आंघोळही करतो. आरोप आहे तो 'हत्या'त. त्यामुळे 'केली' काढून 'आत्महत्येने मृत्यू' म्हटलं तरी 'हत्या' जागच्या जागीच राहते. इंग्रजीचं औषध इथे लागू पडत नाही, कारण दुखणं वेगळ्या जागी आहे.

आता उपशीर्षकाचा हिशेब. बहुतेक ठिकाणी दोन ओळी आणि ओळीला ४२ चिन्हं हा शिरस्ता आहे. यात काना, मात्रा, हलन्त आणि मोकळी जागा सगळं मोजलं जातं.

त्याने आत्महत्या केली: २१
आत्महत्येमुळे त्याचा मृत्यू झाला: ३२
त्याने जीव दिला: १५

बत्तीस चिन्हं ओळीत मावतात, पण पात्र दीड सेकंदात बोलून मोकळं झालं तर वाचणाऱ्याची दमछाक होते. 'जीव दिला' सगळ्यात आखूड, आणि बोलण्यातलं. त्यात हत्या नाही की कलम नाही. अडचण एकच. 'देशासाठी जीव दिला' हेही आपण त्याच शब्दांत म्हणतो, म्हणून मागेपुढे संदर्भ लागतो.

'आत्मघात' नको. 'आत्मघातकी' हा शब्द बातम्यांनी बाँबस्फोटाला वाहून टाकलाय. 'प्रायोपवेशन' (अन्नत्याग करून मरण) आणि 'आत्मार्पण' यांचा गाव वेगळा आहे, ते इथे आणूच नका.

ठाणे अंमलदार

पोलिसी मराठीच्या बाजूने थोडं. आपल्याकडे ठाण्यात पहिली नोंद 'आत्महत्या' म्हणून होतच नाही, 'अकस्मात मृत्यू' म्हणून होते. गेलेला माणूस कागदावर 'मयत'. नंतर पंचनामा आणि शवविच्छेदन. हा चौकशीचा भाग पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४खाली होता, १ जुलै २०२४पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४खाली आहे.

हे शब्द ब्रिटिश मालिकेत जसेच्या तसे ढकलले की घोळ होतो. तिथली 'इन्क्वेस्ट' म्हणजे आपला पंचनामा नव्हे. ती कोरोनरसमोरची, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोरची, सुनावणी असते. तिला 'मृत्यूची चौकशी' म्हणावं आणि 'कोरोनर' तसाच ठेवावा. मुंबईत १९९९पर्यंत कोरोनर होता, शब्द परका नाही. कोरोनर जे सांगतो त्याला 'निकाल' म्हणू नका, 'निष्कर्ष' म्हणा. इंग्लंडमध्येच २०१३पासून अधिकृत शब्द तसा बदललाय. शिवाय २०२०मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आत्महत्येचा निष्कर्ष काढायला फौजदारी दर्जाचा पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं जड असलं की पुरे. म्हणून 'आत्महत्या सिद्ध झाली' हे भाषांतर दुहेरी चुकतं.

आणखी एक सवय: तिथला अधिकारी दिसला की 'सर्व्हिस रिव्हॉल्व्हर' लिहायची. ब्रिटनमधले बहुतेक पोलीस बंदूक बाळगतच नाहीत.

आता मला खरी खटकणारी गोष्ट. मराठीत दोष 'केली'त नाही, 'कंटाळून'मध्ये आहे. आजारपणाला कंटाळून, कर्जाला कंटाळून, वरिष्ठांच्या जाचाला कंटाळून. एका धातुसाधितात कारण ठरवून टाकायचं आणि प्रकरण बंद. मूळ संवादात कारण नसलं तरी भाषांतरकार हे आपसूक घालतो, कारण त्याशिवाय वाक्य लंगडं वाटतं. लंगडं राहू दे.

शब्दवेध

'कंटाळून'बद्दल शंभर टक्के सहमत. त्याच पंगतीला 'टोकाचे पाऊल उचलले', 'जीवनयात्रा संपवली' आणि 'मृत्यूला कवटाळले' बसवा. पहिल्यात धाडस आहे, दुसऱ्यात तीर्थाटन, तिसऱ्यात तर चक्क प्रेम.

आणि 'प्रयत्न फसला' किंवा 'अयशस्वी ठरला' तर अजिबात नको. मग यश कशाला म्हणणार? सरळ 'वाचला', 'बचावली' म्हणा.

चष्मेबद्दूर

टोनी गेट्सच्या प्रसंगाकडे वळू. 'इन द लाइन ऑफ ड्यूटी'ला आपल्या बातम्यांचा तयार शब्द 'वीरमरण'. इथे तो घातला तर प्रसंगच उलटा होतो. मालिकेत ती कागदावरची वर्गवारी आहे, लाभ मिळवून देणारी, आणि पाहणाऱ्याला ती खोटी आहे हे माहीत असतं. 'वीरमरण', 'हुतात्मा', 'बलिदान' यांनी ती वर्गवारी गौरव होऊन बसते. 'कर्तव्यावर असताना मृत्यू' हा कोरडा, दप्तरी शब्दच बरोबर. त्याच्या कोरडेपणातच प्रसंगाची धार आहे.

मालिकेवरही थोडी टीका करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये चित्रपट आणि रंगभूमीवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. पद्धत दाखवू नका, आत्महत्या हा प्रश्नावरचा तोडगा वाटेल असं मांडू नका, मदत मागून सावरलेली माणसं दाखवा, असा तिचा रोख आहे. गेट्सच्या कथेत मरण हा नेमका व्यवहारी तोडगा ठरतो. नाट्य म्हणून पकड घेतं, पण मार्गदर्शिकेच्या बाजूने पाहिलं तर सगळ्यात कच्ची जागा तीच.

पद्धतीबद्दल ब्रिटनच्या प्रसारण नियामकाचा, ऑफकॉमचा, नियम २.५ आहे: संपादकीय कारण आणि संदर्भ यांचा आधार असल्याखेरीज पद्धत दाखवायची नाही. उपशीर्षकवाल्याने यातून एवढंच घ्यावं की पडद्यावर जे मोघम आहे ते आपण शब्दात नेमकं करू नये. पात्र 'तो गेला' म्हणालं तर 'तो गेला'च लिहावं. तिथे 'गळफास', 'विष' असले शब्द घुसवू नयेत. मराठी वाचकाला तपशिलाची सवय बातम्यांनी लावलीय, ती उपशीर्षकांनी का पुरवावी?

वरणभात

हे सगळं उपयोगी आहे. आता मानसिक आरोग्याचे शब्द. 'स्ट्रेस'ला 'तणाव' लिहिलं आणि वाचताना हसू आलं: 'ठाण्यात तणाव आहे'. दंगल झाली की काय!

ठाणे अंमलदार

पोलिसाच्या तोंडी 'तणाव' म्हणजे कायदा-सुव्यवस्था. 'शहरात तणावपूर्ण शांतता', त्यातला. माणसाचा तो 'ताण'. नुसत्या 'व'ने जबाबदारी बंदोबस्तावर जाते.

तसाच सापळा 'मेडिकल'चा. 'त्याला मेडिकलला पाठवलं' म्हणजे आपल्या ठाण्यात आरोपीची किंवा जखमीची तपासणी. ब्रिटिश मालिकेत अधिकाऱ्याला 'ऑक्युपेशनल हेल्थ'कडे पाठवतात, तेव्हा 'खात्याच्या डॉक्टरांकडे पाठवलंय' हे लांब असलं तरी लिहा.

शब्दवेध

'डिप्रेशन'ला 'उदासीनता' नको, तो 'बेफिकिरी'च्या जवळ गेलाय ('प्रशासनाची उदासीनता'). डॉक्टर बोलत असेल तर 'नैराश्य', सहकारी बोलत असेल तर 'डिप्रेशन'च. हवालदार हवालदाराला 'तुला नैराश्य आलंय का' असं विचारत नाही. 'झेपत नाहीये का रे?' असं विचारतो, आणि इंग्रजी संवादही बहुतेक तेवढाच असतो. 'मनोरुग्ण' मूळ संवादात शिवी असेल तरच.

चष्मेबद्दूर

एक तांत्रिक शब्द राहिला: 'ट्रिम', म्हणजे 'ट्रॉमा रिस्क मॅनेजमेंट'. अपघात, गोळीबार, लहान मुलाचा मृत्यू असं काही हाताळल्यावर ब्रिटिश पोलीस हे करतात. मूळ ब्रिटिश नौदलाच्या रॉयल मरीन्स या दलातलं. प्रशिक्षण घेतलेला सहकारीच, मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, साधारण ७२ तासांनी बोलतो आणि सुमारे महिन्याने पुन्हा बोलतो. झोप, चिडचिड, दारू, घटना टाळणं अशा गोष्टींत दोन्ही वेळांत काय फरक पडला ते पाहतो. बरं वाटत नसेल तर पुढे पाठवतो. म्हणून 'समुपदेशन' चूक. 'विचारपूस' जवळचं वाटतं, पण ती पाच मिनिटांची. 'सहकारी-विचारपूस' कसं?

शब्दवेध

'सहकारी-विचारपूस' कागदावर चालेल. संवादात 'ट्रिमला बसलास का?' असंच जाऊ द्या, पहिल्या वेळी शेजारच्या वाक्यात अर्थ पोचवा.

ठाणे अंमलदार

कायद्याचं एक टाचण. आपल्याकडे बचावलेल्या माणसाच्या बाबतीत 'गुन्हा दाखल' लिहायची सवय जुन्या दंड संहितेच्या कलम ३०९मुळे (आत्महत्येचा प्रयत्न). मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७च्या कलम ११५ने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं, आणि २०२४मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ त्या रूपात उरलंच नाही. राहिलं ते कलम २२६, सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचं. 'आत्महत्येस प्रवृत्त करणे' मात्र गुन्हाच, पूर्वी ३०६, आता १०८. ब्रिटिश मालिकेत यातलं काहीच नको.

वरणभात

शेवटची पाटी. मूळ कार्यक्रमानंतर मदतीची माहिती असते, ब्रिटनमध्ये समॅरिटन्स या मदतवाहिनीचा क्रमांक ११६ १२३. लंडनमधल्या मराठी प्रेक्षकासाठी तो योग्य, नाशिकमधून तो लागणार नाही. म्हणून भारतातल्या प्रतीत दोन ओळी:

मन जड झालं असेल तर बोला:
टेली-मानस १४४१६, २४ तास, मोफत

पहिली ओळ २४ चिन्हं, दुसरी २९. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२पासून आहे आणि मराठीतून बोलता येतं.

शब्दवेध

'मन जड' छान. फक्त पाटी सहा सेकंद तरी ठेवा. दोन सेकंदांत कोणाचाही नंबर टिपून होत नाही.